डुमना ते मुंबई : आकाशातील अंतर आणि घड्याळातील वेळ

नागपूरहून जबलपूर किती दूर आहे, या साध्या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर दोन्ही शहरांच्या विमानतळांमधील अंतर सुमारे २५४ किलोमीटर भरते. सिवनी-लखनादौनमार्गे रस्त्याने निघाल्यास ते पावणेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. इटारसीमार्गे रेल्वेने गेल्यास मात्र ५४० किलोमीटरांचा पल्ला पडतो, म्हणजे सरळ रेघेच्या दुपटीहून अधिक. सातपुड्याच्या रांगा मध्ये आडव्या असल्याने गाडीला आधी पश्चिमेकडे इटारसीपर्यंत जाऊन मग पूर्वेला वळावे लागते. गोंदिया-नैनपूर-जबलपूर हा जवळचा लोहमार्ग शतकाहून अधिक काळ नॅरोगेज होता. त्याचे रूपांतर २०२० मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हा कुठे रेल्वेचे अंतर ३६० किलोमीटरच्या आसपास आले.

जबलपूरमधील मराठी कुटुंबांना ही तफावत पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. भोसल्यांच्या अमलापासून या शहराचा नागपूरशी संबंध आहे. पुढे मध्यप्रांताचा कारभार नागपूरहून चाले, तेव्हा जबलपूर त्याच प्रांतातील मोठे शहर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, उच्च न्यायालयाचे मुख्यपीठ जबलपूरला आले आणि वकील, कारकून, शिक्षक अशी अनेक मराठी घरे येथे स्थिरावली. शस्त्रनिर्मितीचे कारखाने, रेल्वे आणि वीज मंडळ यांनी त्यांत भर घातली. आज राइट टाउन किंवा नेपियर टाउनमधील एखाद्या घरातील मुलगा पुण्यात, मुलगी ठाण्यात आणि आजोळ नागपुरात असते. अशा घरी मुंबईच्या रुग्णालयातून रात्री दूरध्वनी येतो, तेव्हा ‘किती किलोमीटर’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘उद्या किती वाजेपर्यंत पोहोचता येईल’ एवढेच विचारले जाते. या दोन प्रश्नांतील फरक समजून घेतला, तर तिकीट काढताना होणारे अनेक चुकीचे हिशेब टळतात.

आधी अंतर. दोन विमानतळांमधील अंतर मोजण्यासाठी फारशा साधनांची गरज नाही. शालेय भूगोल आणि पायथागोरसचा सिद्धांत पुरेसा आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जगात कोठेही सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढा असून ध्रुवाकडे जाताना आखडत जातो. जबलपूरच्या डुमना विमानतळाचे स्थान २३.१८ अंश उत्तर अक्षांश व ८०.०५ अंश पूर्व रेखांश असे आहे. मुंबई विमानतळाचे १९.०९ आणि ७२.८७. दोहोंमध्ये दक्षिणोत्तर ४.०९ अंशांचे अंतर, म्हणजे ४५४ किलोमीटर. पूर्वपश्चिम ७.१८ अंश, या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०३.८ किलोमीटरचा असल्याने ते झाले ७४५ किलोमीटर. या दोन बाजूंचा कर्ण काढला की उत्तर येते सुमारे ८७२ किलोमीटर. वैमानिकाच्या भाषेत हेच अंतर ४७१ सागरी मैल. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या अंशाचा साठावा भाग, १,८५२ मीटर. जहाजांचे हे माप विमानांनी जसेच्या तसे उचलले.

पृथ्वी गोल असल्याने लांबच्या प्रवासात ही त्रिकोणाची रीत चालत नाही. तेथे गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस, काढावा लागतो. मुंबईहून अमेरिकेला जाणारे विमान नकाशावर उगाचच उत्तरेकडे वळसा घेताना दिसते, त्याचे कारण हेच. उत्तर ध्रुवाजवळ तर नकाशा पुरताच फसवतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील लाँगइयरब्येन हे गाव ७८ अंश अक्षांशावर आहे. तेथे रेखांशाचा एक अंश जेमतेम २३ किलोमीटरचा उरतो. गंमत अशी, की तेथून नॉर्वेच्या मुख्य भूमीवरील ट्रोम्सोपर्यंतचे विमानाचे अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबई-जबलपूरपेक्षा फार अधिक नाही. १९७५ मध्ये तेथे विमानतळ सुरू होईपर्यंत समुद्र गोठला की बेटांची वाहतूक वसंतापर्यंत थांबत असे. त्या गावाला रेल्वे नाही आणि मुख्य भूमीशी जोडणारा रस्ताही नाही. जबलपूरकरांच्या हाताशी रेल्वे आहे, आणि ती आहे म्हणूनच येथे तुलना करावी लागते.

आता वेळ. अरुंद धडाचे जेट विमान, उदाहरणार्थ एअरबस ए-३२०, उंचीवर पोहोचल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते. पंख्याचे एटीआर-७२ ताशी ५०० च्या आसपास. सरळ भागाकार केला तर जेटला मुंबई-जबलपूर अंतर तासाभरात आणि एटीआरला पावणेदोन तासांत कापता आले पाहिजे. परंतु वेळापत्रकात जेटच्या याच प्रवासाला साधारण पावणेदोन तास लिहिलेले असतात. प्रवाशाला वाटते, कंपनीने सोयीसाठी वेळ वाढवून ठेवला. ते काही अंशी खरेही आहे, पण पूर्ण खरे नाही. वेळापत्रकातील वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीकडे जाणे, रांगेत थांबणे, कमी वेगाने वर चढणे, उतरण्याआधी वेग कमी करणे आणि उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत येणे हे सारे त्यात मोजलेले असते. चढणे-उतरणे यांत बराच वेळ जात असल्याने जवळच्या प्रवासात विमानाला आपल्या खऱ्या वेगाने धावायला अवधीच मिळत नाही. नागपूर-जबलपूरसारख्या २५४ किलोमीटरांच्या अंतरावर पंख्याच्या विमानालाही एकूण तासभर धरावा लागतो, आणि जेट वापरले तरी त्यात फारशी बचत होत नाही.

वाऱ्याचा भाग वेगळा. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांचा जोर उत्तरेकडे अधिक असला, तरी मध्य भारतातील विमानांनाही तो जाणवतो. मुंबईहून जबलपूरला येताना वारा पाठीशी आणि परतताना समोर असतो. वाऱ्याचा वेग ताशी ८० किलोमीटर धरला, तर सातशे किलोमीटरच्या टप्प्यावर जाण्यायेण्यात सुमारे दहा मिनिटांचा फरक पडतो. लांबच्या प्रवासात हाच फरक तासावर जातो. तिकिटावर जाण्याची आणि येण्याची वेळ वेगळी दिसली तर ती छपाईची चूक नसते.

दहा मिनिटांचा वारा परवडला, पण मुंबईवरची गर्दी परवडत नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच जाहीर केले, की येथे विमानांना उतरण्यापूर्वी ४० ते ६० मिनिटे आकाशात घिरट्या घालाव्या लागतात आणि ६० मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे अडीच हजार लिटरपर्यंत इंधन जळू शकते. त्यानंतर गर्दीच्या वेळेतील ताशी उड्डाणांची संख्या ४६ वरून ४४ वर आणली गेली. जबलपूरहून निघालेले विमान तासाभरात मुंबईजवळ पोहोचून पुढचा पाऊण तास समुद्रावर फिरत राहिले, तर अंतर तेच राहिले आणि वेळ जवळजवळ दुप्पट झाली. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली, त्यामागे हीच अडचण आहे. पनवेल किंवा पुण्याकडे जाणाऱ्याने तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे, हे आता आवर्जून पाहिले पाहिजे.

विमानात बसण्यापूर्वीचा आणि उतरल्यानंतरचा वेळ तर कोणत्याही वेळापत्रकात नसतो. डुमना शहराच्या मध्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे. घरून निघून पोहोचायला पाऊण तास ठेवावा लागतो. देशांतर्गत प्रवासासाठी दोन तास आधी या, असे कंपन्या सांगतात आणि साधारण तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते. उड्डाणाचे पावणेदोन तास, मुंबईत सामान मिळेपर्यंत अर्धा तास, तेथून ठाणे किंवा डोंबिवली गाठायला तास-दीड तास. बेरीज सहा तासांच्या पुढे जाते. ८७२ किलोमीटरला सहा तास म्हणजे दारापासून दारापर्यंतचा वेग ताशी १४५ किलोमीटर. ताशी ८३० चे विमान प्रवाशाच्या वाट्याला येते ते एवढे.

याउलट रेल्वेचे अंतर इटारसी-भुसावळमार्गे सुमारे ९९० किलोमीटर आहे आणि गरीब रथ, महानगरी किंवा मेलने पंधरा ते सतरा तास लागतात. विमान येथे निर्विवाद पुढे आहे, दहा तासांनी पुढे. पण त्या दहा तासांपैकी सात-आठ तास प्रवासी झोपेत असतो आणि सकाळी थेट शहराच्या पोटात उतरतो. संध्याकाळचे विमान पकडण्यासाठी दुपारीच काम सोडणाऱ्या माणसाने एक दिवस घालवला आणि रात्रीच्या गाडीने गेलेल्याने तो वाचवला, असेही होते. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत उलट विचार करावा लागतो. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वरच्या बर्थचा सतरा तासांचा प्रवास ही शिक्षाच आहे. तेथे विमानाचे भाडे महाग म्हणता येत नाही.

एक अंतर असे आहे, की जे किलोमीटरमध्ये मोजताच येत नाही, आणि जबलपूरच्या बाबतीत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. ते म्हणजे दोन फेऱ्यांमधील अंतर. मुंबई-दिल्ली मार्गावर एक विमान चुकले तर काही वेळातच दुसरे असते. दिवसाला एकच फेरी असलेल्या मार्गावर चुकलेल्या किंवा रद्द झालेल्या विमानाची किंमत चोवीस तास असते. आठवड्यातून तीन दिवसच फेरी असेल तर दोन-तीन दिवस. मग दिल्लीमार्गे जायचे ठरले, तर जबलपूर-दिल्ली ६६८ आणि दिल्ली-मुंबई सुमारे १,१४० असे मिळून अठराशे किलोमीटर होतात. मुंबई ८७२ किलोमीटरवर असताना प्रवासी त्याच्या दुपटीहून अधिक उडतो. हा आकाशातील इटारसीचा वळसाच म्हणायचा.

रेल्वेच्या इतिहासात जबलपूरची गोष्ट नेमकी उलटी होती. अलाहाबादकडून आलेला लोहमार्ग आणि मुंबईकडून आलेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग मार्च १८७० मध्ये जबलपूरलाच एकमेकांना मिळाले आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वेप्रवास प्रथमच शक्य झाला. त्या नकाशावर जबलपूर मधोमध होते. १ एप्रिल २००३ रोजी स्थापन झालेल्या पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालयही येथेच आहे. विमानाच्या नकाशावर मात्र हेच शहर कडेला पडले. डुमनाची धावपट्टी पूर्वी जेमतेम दोन किलोमीटरची होती. ती लांबवून सुमारे पावणेतीन किलोमीटरची करण्यात आली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन झाले. पण धावपट्टी लांब झाल्याने फेऱ्या आपोआप वाढत नाहीत. त्याच वर्षी जून महिन्यात शहरातील नागरिकांनी कमी झालेल्या उड्डाणांच्या निषेधार्थ ‘नो फ्लाइंग डे’ पाळला. विमानच नको, असे सांगणारे ते आंदोलन नव्हते. अधिक विमाने हवीत म्हणून एक दिवस विमान टाळायचे, असा तो प्रकार होता. १ मार्च २०२१ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूरशी जबलपूर विमानाने जोडले गेले. तेही अंतर नागपूरएवढेच, सुमारे २५० किलोमीटर. अशा छोट्या टप्प्यांवर विमानसेवा टिकवणे कंपन्यांना जड जाते. रस्ता सुधारला की प्रवासी मोटारीकडे वळतो. नागपूरच्या रस्त्याबाबत तेच घडले आहे.

कमी फेऱ्यांच्या मार्गाला उशिराचा त्रासही अधिक होतो. एकच विमान दिवसभरात पाच-सहा शहरे करते. सकाळी दिल्लीच्या धुक्यात ते तासभर अडकले, की दुपारी डुमनाला स्वच्छ ऊन असूनही प्रवासी बसून राहतात. डिसेंबर-जानेवारीत म्हणूनच पहिले उड्डाण आणि शेवटचे उड्डाण यांत फरक करावा. सकाळच्या विमानाला धुक्याचे भय, संध्याकाळच्या विमानाला दिवसभर साचलेल्या उशिराचे. भर दुपारी थंडीत पोहोचणारे विमान त्या मानाने निर्धास्त. डुमनाच्या परिसरात जंगल असल्याने येथे एक जास्तीची काळजीही आहे: ४ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईहून आलेले विमान उतरताना रानडुकरांना धडकून धावपट्टीबाहेर गेले होते. सुदैवाने सर्व प्रवासी सुखरूप राहिले.

घड्याळाबाबत थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मुंबई आणि जबलपूर यांच्या रेखांशांत ७.१८ अंशांचे अंतर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे सूर्य जबलपूरला सुमारे एकोणतीस मिनिटे आधी माथ्यावर येतो. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्याने आज घड्याळ हलवावे लागत नाही. मुंबई शहराने मात्र आपली स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपली. देशात वेळ एकच असल्याने तिकिटावरील दोन वेळांची वजाबाकी केली की प्रवासाचा अवधी मिळतो. परदेशच्या तिकिटावर तसे करू नये, कारण तेथे प्रत्येक वेळ त्या-त्या गावची छापलेली असते. मुंबईहून दहाला निघून दुबईला साडेअकराला पोहोचणारे विमान दीड तासाचे नसते. दुबईचे घड्याळ दीड तास मागे असल्याने प्रवास तीन तासांचा असतो. परदेशी मुलाकडे प्रथमच निघालेल्या आईवडिलांचा औषधाच्या वेळांचा हिशेब येथेच चुकतो.

अंतर आणि वेळ यांतील निवड केवळ प्रवाशालाच करावी लागते असे नाही. सरकारलाही भाडे ठरवताना ती करावी लागली. मे २०२० मध्ये महासाथीनंतर विमाने पुन्हा सुरू झाली, तेव्हा भाड्याच्या मर्यादा प्रवासाच्या वेळेवरून ठरल्या: ९० ते १२० मिनिटांच्या उड्डाणाला किमान ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये. ३१ ऑगस्ट २०२२ पासून ही व्यवस्था संपली. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर मोठ्या संख्येने उड्डाणे रद्द होऊन भाडी भडकली, तेव्हा सरकारने तात्पुरत्या मर्यादा घातल्या, पण त्या अंतरावरून: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये. पहिल्या पद्धतीत मुंबई-जबलपूर मार्ग मिनिटांच्या रकान्यात बसला, दुसऱ्या पद्धतीत किलोमीटरच्या.

नुकसानभरपाईचे नियम मात्र वेळेवरच चालतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १ ऑगस्ट २०१६ पासून वाढवलेल्या दरांनुसार, पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाल्यास परताव्याखेरीज मिळणारी भरपाई वेळापत्रकातील अवधीवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून मोठ्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मुंबई-जबलपूरचे पावणेदोन तास मधल्या गटात बसतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशाला अल्पोपाहार देणे कंपनीवर बंधनकारक आहे. धुके, वादळ अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर रोख भरपाई मिळत नाही, आणि ती अपेक्षा धरून खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

याच नियमांत एक छोटी अट आहे, जिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. तिकीट काढताना प्रवाशाने स्वतःचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल, तर भरपाई देय होत नाही. गोलबाजारातील एजंटाकडून किंवा पुण्यातील मुलाच्या संगणकावरून काढलेल्या तिकिटावर पुष्कळदा काढणाऱ्याचाच मोबाइल क्रमांक असतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश त्याला जातो आणि वृद्ध आईवडील डुमनाच्या वाटेवर असतात. तिकीट हाती पडताच त्यावर नाव, तारीख आणि विमानतळ यांच्याबरोबर प्रवास करणाऱ्याचा क्रमांक आहे की नाही, हेही तपासून घ्यावे. नसल्यास कंपनीला कळवून तो घालून घेता येतो.